फोनच्या तासाची नोंदवही

त्या बाईला मी दहा दिवस फक्त कागदावर ओळखत होते, आणि तिला काहीही झालेलं नाही याची मला पक्की खात्री होती. वय बावीस, दुसरं बाळंतपण, घरीच झालेलं. तक्रार थंडी वाजून ताप येण्याची आणि ओटीपोट दुखण्याची. मोजलेला ताप मात्र साडेअठ्ठ्याण्णव, नाडी चौऱ्याहत्तर. अशी एक नाही, तीन वेळा नोंद झाली होती, आणि तिन्ही वेळा आकडे ठणठणीत माणसाचे. मी तिच्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीनं तीन फुल्या मारल्या होत्या. त्या फुल्या कशाच्या, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यात मोडायचा. मी मूळची मंगरूळपीरची. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव उतरवून त्या फळीवर पुस्तकं मांडली. मी नागपूरला जाऊन संख्याशास्त्र शिकले, आणि तिथल्याच एका डॉक्टरांच्या संशोधन प्रकल्पात मला नोकरी लागली. आम्ही त्यांना सर म्हणायचो. सरांचा प्रश्न साधा होता: डॉक्टर गावात जात नसेल, तर डॉक्टरचा सल्ला तरी तारेवरून गावात जाऊ शकतो का? आज याला टेलिमेडिसिन म्हणतात, त्याच्या परिषदा भरतात आणि तिथं मला म्हातारी म्हणून पहिल्या रांगेत बसवतात. आमच्याकडे पडदा नव्हता, कॅमेरा नव्हता. पोस्टातला एक काळा फोन होता, आणि गावागावाचा तास ठरलेला होता. मी सांगते आहे त्या गावाचा मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते तीन.

अनसिंगच्या पट्ट्यातली काही गावं आम्ही घेतली होती. ज्या गावाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. तिथली नर्सबाई दोन वाजता थर्मामीटर, घड्याळ आणि नोंदवही घेऊन पोस्टात बसायची. ज्याला दुखलं-खुपलं तो तिथं यायचा. इकडे वाशिमला, भाड्याच्या एका खोलीत, आमच्या प्रकल्पाचे डॉक्टर रिसीव्हर कानाला लावून बसायचे आणि त्यांच्या शेजारी मी, दुसरी नोंदवही घेऊन. डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शांत, जरा कमी ऐकू येणारे. नर्सबाई सांगेल ते डॉक्टर मोठ्यानं पुन्हा म्हणायचे आणि मी लिहून घ्यायची. मग ते उपाय सांगायचे. नर्सबाईजवळच्या औषधांच्या पेटीत असेल तर ती गोळी द्यायची, नाहीतर वाशिमला बोलावायचं.

या दोन नोंदवह्या माझी निर्मिती होती आणि मला त्यांचा फार अभिमान होता. सरकारी नोंदवह्या कशा भरल्या जातात ते मी पाहिलं होतं. एका गावात महिन्याभराच्या नाड्या एकाच बैठकीत, एकाच शाईनं, सगळ्या बहात्तर. मी तेव्हा चोवीस वर्षांची, रागीट, आणि आकड्यांना देव मानणारी. वडिलांनी उतरवलेल्या देवांच्या जागी मी हे बसवले होते म्हणा ना. मी सगळ्या नर्सबायांना वाशिमला बोलावून दोन नियम घोकून घेतले. एक, ताप आणि नाडी फोन चालू असतानाच मोजायची, आधी नाही, नंतर नाही. दुसरा, रकाना कोरा राहता कामा नये. कोरा रकाना दिसला तर ती नोंद बाद, आणि मी जाब विचारणार. त्यावर एका वयस्कर नर्सबाईनं काही विचारायला तोंड उघडलं होतं. मी तिला नियम पुन्हा एकदा वाचून दाखवला. तिनं तोंड मिटलं.

आठ-नऊ महिन्यांत वह्या भरत गेल्या. एकही रकाना कोरा नाही. आणि मग मला त्यांत काहीतरी दिसायला लागलं. पुरुषांच्या पानांवर तक्रार आणि मोजमाप यांचा मेळ बसायचा. ताप आहे म्हणाला तर ताप असायचा. बायकांच्या पानांवर तसं नव्हतं. तक्रार मोठी आणि आकडे साधे. बाळंतिणींच्या बाबतीत तर फारच. मेळ नसेल तिथं मी तांबडी फुली मारायची, आणि काही पानं तर फुल्यांनी तिखट टाकल्यासारखी दिसत होती. मी यावरून निष्कर्ष काढला आणि सरांना पत्र लिहिलं की ग्रामीण स्त्रिया, विशेषतः बाळंतिणी, फोनवर दुखणं वाढवून सांगतात. कदाचित विश्रांती मिळावी म्हणून, कदाचित कुणीतरी विचारावं म्हणून. मी स्वतः बाई असून मला हे पटलं, नव्हे सुचलं, याची आज लिहितानाही शरम वाटते. सरांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, लेखात तो पुढे ठेवू, फक्त एका नमुनेदार बाईची सविस्तर मुलाखत हवी. मी वही चाळली आणि तीन फुल्यांची ती बावीस वर्षांची बाळंतीण निवडली. इतकी नेटकी नोंद दुसरी नव्हती.

त्या शुक्रवारी डॉक्टरांना एकट्यालाच फोनवर बसवून मी एसटीनं गावी गेले. पोस्ट म्हणजे एक खोली, पुढं ओटा. ओट्यावर बायामाणसं बसलेली होती. आत नर्सबाई, थोराड, कपाळावर घाम, मला पाहून उठून उभी राहिली. ती गेली बारा वर्षं त्याच भागात काम करत होती. मी तिला म्हटलं, तुमचं चालू द्या, मी नुसती बघते. मनात मात्र त्या बाईला कसं बोलतं करायचं याची जुळवाजुळव चालली होती.

तीन-चार माणसं झाली आणि नर्सबाईनं तिचं नाव पुकारलं. एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई ओट्यावर चढली. तिनं डोक्यावरचा गवताचा भारा खाली उतरवून भिंतीला टेकवला, पदरानं तोंड पुसलं आणि आत येऊन स्टुलावर बसली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बाळंत होऊन पुरते चौदा दिवस नाहीत, थंडीतापानं हैराण आहे म्हणून सांगते, आणि गवताचा भारा वाहून आणते. माझा निष्कर्ष आपल्या पायांनी चालत आला होता. मी वहीच्या कोपऱ्यात 'भारा' असं टिपूनसुद्धा ठेवलं.

नर्सबाईनं तिच्या काखेत थर्मामीटर लावला, मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. सगळं अगदी मी शिकवलं होतं तसं. मग फोनवर सांगितलं की पेशंटला थंडी वाजून येते, अंग भाजतं, जेवण जात नाही, पोटाला हात लावला तरी कळ येते. ताप साडेअठ्ठ्याण्णव. नाडी शहात्तर. तिकडून डॉक्टरांचा आवाज मला रिसीव्हरच्या बाहेरही ऐकू आला. काळजीचं काही दिसत नाही, अशक्तपणा असेल, त्याच गोळ्या चालू ठेवा, पोट शेका. नर्सबाईनं फोन ठेवला. त्या दिवसाचा तो शेवटचा पेशंट होता.

ती बाई उठून गोळ्यांची पुडी पदरात बांधू लागली. मी तिला बसायला सांगितलं, गोड आवाज काढला, आणि मुलाखतीची सुरुवात म्हणून विचारलं की बाळाला कुणाजवळ ठेवून आलात.

ती म्हणाली, "त्याच्या मायजवळ."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी पुन्हा विचारलं. तिला माझी कीव आली असावी, कारण तिनं लहान पोराला सांगावं तसं सावकाश सांगितलं. "ज्याची माय बाळंतीन हाय, ते लेकरू तिच्यापाशीच राह्यते ना. मी तं मोठी जाऊ. मी हाल सांगाले येतो."

आज इतक्या वर्षांनीसुद्धा तो क्षण मला जसाच्या तसा आठवतो. हातातली पेन्सिल मी खाली ठेवली, ती घरंगळत टेबलावरून पडली आणि ती उचलायला मी वाकले नाही. मी नर्सबाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नव्हता. ती वहीत आकडे नीट उतरवत होती.

मी विचारलं, ही बाळंतीण नाही हे तुम्हाला माहीत होतं?

"हाव," ती म्हणाली. "बाळंतीन कशी येईन, ताई? सव्वा मयना कुठी झाला?"

"मग ताप हिचा का मोजला?"

नर्सबाई थांबली. तिला प्रश्नच कळेना. "तिचा कसा मोजू? ते तं घरी हाय. फोन चालू असतानाच मोजाचं, आन रकाना कोरा ठेवाचा नाई, तुमीच सांगतलं ना."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खरोखर मला माझाच नियम समजावून सांगत होती. मी ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही, पण 'अक्कल' हा शब्द त्यात होता आणि ओट्यावरची माणसं उठून दाराशी आली. बारा वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईची मी चारचौघांत अक्कल काढली, आणि ती बिचारी मान खाली घालून उभी राहिली.

खरं तर मला कळायला हवं होतं, कारण मी काही आभाळातून पडले नव्हते. हाल सांगून औषध आणणं ही आमच्याकडची जुनी रीत. आजारी माणूस घरी, आणि घरातला पायानं चालणारा कुणीतरी जाऊन त्याचं दुखणं सांगतो, औषध घेऊन येतो. माझी आई खोकल्यानं पडली की मंगरूळच्या कंपाउंडरकडे मीच जायची. एकदा तर त्यानं सवयीनं माझीच जीभ पाहिली आणि आईच्या बाटलीत औषध ओतलं. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही. माझी एक आत्या, वडिलांच्या चोरून, घरातल्या आजाऱ्याच्या नावानं दर्ग्यावर जाऊन दोरा आणायची. आत्याच्या मनगटाला बांधून तो घरी यायचा आणि मग आजाऱ्याच्या हाताला जायचा. दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेऊन जाणं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. नागपूरच्या चार वर्षांत मी ते इतकं विसरले की नोंदवहीत त्याला जागाच ठेवली नाही. रुग्ण स्वतः आला आहे की नाही, असा रकानाच नव्हता. वयस्कर नर्सबाईला त्या दिवशी कदाचित हेच विचारायचं होतं.

पण हे सगळं नंतर सुचलेलं. त्या क्षणी एकच गोष्ट डोक्यात शिरली, ती म्हणजे खरा ताप कुणीच मोजलेला नाही. मी जावेला म्हटलं, मला घरी न्या.

घर पोस्टामागच्या गल्लीतच होतं. शेतकऱ्याचं बरं घर, अंगणात दोन म्हशी. सासू दारात बसून वाती वळत होती. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि कोणाची म्हणून विचारलं. मी मंगरूळच्या मास्तरांची म्हटलं, आणि कुठल्या वस्तीतल्या मास्तरांची तेही सांगितलं, कारण लपवायची मला वडिलांची सक्त मनाई होती. तिचा चेहरा मिटला. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्यानं जायचं नसतं, ती म्हणाली, आणि बाहेरचं म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही कळलं. एरवी मी तिथं भांडले असते. त्या दिवशी वेळ नव्हता. नर्सबाईच पुढं झाली. मघाशी मी जिचा पाणउतारा केला होता तिनं सासूला सांगितलं की ही माझी मोठी साहेब आहे, हिला अडवलं तर उद्यापासून मीही येणार नाही. सासू बाजूला सरकली.

मी बाजेवर पडलेली बाई शोधत होते. बाज रिकामी होती. बाळ कपड्यात गुंडाळून एका कडेला ठेवलेलं. आणि त्याची आई भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, मांडीवर सूप, आणि तूर पाखडत होती. म्हणजे सूप हलवत होती. तूर सुपातून जमिनीवर सांडत होती आणि तिला ते दिसत नव्हतं. ओठ फुटलेले. अंग इतकं थरथरत होतं की सुपातले दाणे वाजत होते. खोलीत ओव्याची धुरी होती आणि धुरीच्या खाली दुसरा एक वास होता. नर्सबाईला तो दारातच कळला. तिनं माझा दंड धरला आणि सोडला नाही.

जाऊ म्हणाली की नीज म्हटलं तरी ऐकत नाही, परवापासून उठून बसते. का, ते विचारायला मी थांबले नाही. नर्सबाईनं थर्मामीटर लावला. मी मनगट हातात घेतलं. ते मनगट मी विसरणार नाही. तव्यावरून उतरवलेली भाकरी हातात घेतल्यासारखं वाटलं. नाडी इतकी पळत होती की मला दोनदा मोजावी लागली, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला आणि दोन्ही भयंकर होते. पारा एकशे चारवर होता. आठ-नऊ महिने मी याच आकड्यांच्या पुरात बसले होते, आणि खरा आकडा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी पळत पोस्टात आले. तीन वाजून गेले होते. पोस्टमास्तर कुलूप लावत होते. ते नियमानं चालणारे गृहस्थ, एरवी तास संपला की संपला. माझं तोंड पाहून त्यांनी कुलूप काढलं, स्वतः एक्स्चेंजला फोन लावला आणि तातडीनं वाशिम द्या म्हणून सांगितलं. नशीब, डॉक्टर अजून खोलीतच होते. मी नाव सांगितलं, ताप एकशे चार म्हणून सांगितलं. ते म्हणाले, अहो, अर्ध्या तासापूर्वी साडेअठ्ठ्याण्णव होता, थर्मामीटर झटकून पुन्हा पाहा. मी म्हटलं थर्मामीटर बरोबर आहे. मग ते जरा चिडून म्हणाले की या बाईबद्दल तुम्हीच तर मला सांगितलंत, ही वाढवून सांगते.

पोस्टात आता पंधरा-वीस माणसं होती. नर्सबाईही धापा टाकत मागोमाग आली होती. मी म्हटलं, "डॉक्टर, मघाचा ताप तिचा नव्हता. तिच्या जावेचा होता."

त्यांनी विचारलं, "आणि आधीचे?"

"तेही."

"आणि बाकीच्या बायका?"

मी नर्सबाईकडे पाहिलं. तिला प्रश्न ऐकू आला होता. तिनं हळूच मान हलवली. हललेली मान फोनवरून दिसत नाही, त्यामुळे मला ते शब्दांत सांगावं लागलं. सगळ्या नाही, म्हटलं, पण बाळंतिणी सगळ्या. डॉक्टर म्हणाले, तिला हलवू नका, पाणी पाजत राहा, मी स्वतः जीप घेऊन निघतो. प्रकल्प सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदा गावात येणार होते.

ते येईपर्यंतचा तास-दीड तास आम्ही तिघी तिच्याजवळ बसून होतो. नर्सबाई ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होती. जावेचं स्वतःचं लेकरू अंगावर पीत होतं, तिनं दुसऱ्या बाजूला या बाळाला घेतलं. बाई मधूनच डोळे उघडायची आणि सुपाकडे हात न्यायची. जीप दाराशी आली, डॉक्टरांनी एकदा पोटाला हात लावून पाहिला आणि तिथल्या तिथं इंजेक्शन दिलं. बाळंतरोग, ते म्हणाले, आजच्या आज वाशिम. आता सासू आडवी आली. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीला वेशीबाहेर काढलं तर तिचं आणि लेकराचं काय होईल, हे तिनं रडत रडत सांगितलं. ती दुष्ट नव्हती, घाबरली होती. मी तोंड उघडणार होते, पण त्या आधी जाऊ म्हणाली, "मी येतो संग. लेकरू माह्यापाशी राहीन." आणि बाळ पदराखाली घेऊन ती जीपमध्ये चढून बसली. सासूनं मग घरातून विळा आणून सुनेच्या उशाखाली सरकवला, बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. डॉक्टरांनी तो पाहिला आणि तसाच राहू दिला.

तीन दिवस ती वाचते की नाही कळत नव्हतं. डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले की मंगळवारपर्यंत कुणी पाहिलं नसतं तर पाहायला काही उरलं नसतं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन्ही नोंदवह्या घेऊन बसायची. नर्सबाई रजा टाकून गावाहून आली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, तुमचं वय लहान आहे, आणि विषय बदलला. मग आम्ही तिच्या गावाचं एकेक पान काढलं. जिथं बाई स्वतः आली नव्हती तिथं तिनं शिसपेन्सिलीची बारीक खूण करायची. तिला प्रत्येक घर पाठ होतं. इथं नणंद आली होती. इथं सासू. इथं शेजारीण. जिथं जिथं माझी तांबडी फुली होती, तिथं जवळजवळ प्रत्येक वेळी तिची खूण पडत गेली. आमचा लेख, आमचा पुढे ठेवायचा निष्कर्ष, ग्रामीण स्त्री वाढवून सांगते म्हणे! त्या सांगत होत्या ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. मोजलं आम्ही खोटं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही मिटून बाजूला ठेवली. नर्सबाईनं ती उघडली आणि पुढचं पान काढलं.

सरांना मी सगळं कळवलं. त्यांनी पुरुषांची पानं तरी वापरता येतील का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. त्यावरून पुढं बरंच झालं आणि वर्षाच्या आत ती नोकरी सुटली, पण तो या आठवणीचा भाग नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरायला लागला. सहाव्या दिवशी मी गेले तेव्हा ती उशाला टेकून बसली होती, जाऊ तिला कण्या भरवत होती. गालाची हाडं वर आलेली, पण डोळे माणसाचे झाले होते. आपल्याला जीपमधून आणलं एवढंच तिला आठवत होतं. मी कोण, हे जावेनं तिला सांगितलं असावं, कारण ती माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मी काय बोलायचं याची तयारी करून गेले होते. चूक माझी झाली, माफ करा, असं काहीतरी. तिनं मला बोलू दिलं नाही. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारताना ती लाजली.

"ताई, मंग मले खरंच ताप होता का?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग तिनं सांगितलं. पहिल्यांदा जाऊ पोस्टातून आली आणि डॉक्टर म्हणतात काही नाही, तेव्हा तिला बरं वाटलं. दुसऱ्यांदाही तेच. घरात कुणी काही म्हणालं नाही, पण सासू तिच्याकडे वेगळं पाहायला लागली. हिच्या पहिल्या बाळंतपणातही असंच होतं, असं कुणीतरी बोललं. आणि तिसऱ्यांदाही काही नाही म्हटल्यावर ती रात्रभर विचार करत पडली. "दोनदा मोजून, तिसऱ्यांदा मोजून डाक्टर सांगते काही नाई. तो कायले खोटं बोलीन? मले वाटलं, मीच सोंग करून राह्यली. आपल्याले समजत नाई, पन करून राह्यली. मंग मी उठली. सूप घेतलं."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. सोंग केल्याची कबुली द्यावी तसं, खाली मान घालून सांगितलं. मी तिच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, होता. खरंच होता.

"किती?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, एकशे चार.

ती तो आकडा मनात धरून बसली. मग मान वर केली आणि जावेला म्हणाली, "बाई, एकशे चार होता म्हंते. घरी सांगजा."